एक पूर्णांक चार सेकंदांचा कागद

१

फ्रेममधला कागद बारीक झाला होता.

माणसं बारीक होतात, अंगाचा साबण बारीक होतो, पण काचेमागे लावलेला कागद तीन दिवसांत बारीक झाल्याचं शैलजा कानिटकरनं कधी ऐकलं नव्हतं. जपानमध्ये, तोयोसूतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, गाडीच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ती उभी होती. दुपारचा एक नुकताच वाजला होता आणि हातातला डस्टर तसाच हातात राहिला होता. शुक्रवारी तिनंच पुठ्ठ्याची चौकट कापून हा कागद त्यात बसवला होता. तेव्हा तो दोन्ही बाजूंना घट्ट टेकला होता. आज डावीउजवीकडे पांढरी फट दिसत होती आणि खालचा जादा भाग मागे दुमडलेला होता.

तिनं पट्टी लावली. रुंदी दोनशे दहा मिलिमीटर. म्हणजे आपला रोजचा ए-फोर. शुक्रवारचा कागद अमेरिकन होता, आणि अमेरिकन कागद ह्याहून जरा रुंद आणि आखूड असतो. पुण्यात सहा वर्षं ग्रंथालयाच्या बांधणी विभागात काढलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही.

"कोणीतरी कागद बदललाय," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला फक्त लाल गाडी होती. सकाळच्या पूजेचा झेंडूचा हार गळ्यात घालून ती मख्खपणे उभी होती. २००६ सालचा दसरा होता, आणि ओजिमातल्या घराच्या गॅलरीत कुंडीत वाढवलेल्या झेंडूंनी एका अमेरिकन गाडीची पूजा होत होती. आपली माणसं जिथं जातील तिथं चाकाखाली लिंबू ठेवायचं विसरत नाहीत.

त्या गाडीचं नाव स्वॅलो. ती हार्लन मोटर्सची. भाऊबंदकी ही काही एकट्या मराठी माणसाची मिरास नाही, हे ह्या कंपनीकडे पाहून पटतं. एका छपराखाली दोन विभाग होते. थोरल्या विभागाची स्पोर्ट्स कार कॉन्डोर, साऱ्या देशाची लाडकी. धाकट्या विभागानं स्वॅलो काढली; छोटी, हलकी आणि निम्म्या किमतीची. १९८५ साली तिच्यात मोठं इंजिन बसवून दोघींना एकाच मैदानावर पळवलं, तर स्वॅलो एक पूर्णांक चार सेकंदांनी पुढे! थोरल्यांच्या पोटात दुखलं. मोठं इंजिन वरून नामंजूर झालं, स्वॅलो मरतुकड्या इंजिनावर बाजारात आली आणि तीन वर्षांत गाशा गुंडाळून गेली.

त्या चाचणीचा जगातला एकमेव पुरावा म्हणजे हा कागद. तो होता हिराओका-सान यांच्याकडे; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. जपानी पुर्जे-कंपनीनं त्या काळी धाकट्या विभागात पाठवलेले ते अभियंता. आता सहासष्ट वर्षांचे, निवृत्त, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत शैलजाच्या शेजारच्या इमारतीत राहणारे. ती तिथं नवी आली तेव्हा ओला कचरा कुठल्या वारी आणि बाटल्या कुठल्या वारी, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी कागद कधी कोणाला दिला नव्हता. शैलजानं मागितला म्हणून दिला, आणि तिनं शब्द दिला, "तुमच्या कागदाला धक्का लागणार नाही."

उद्या अकरा वाजता उद्घाटन होतं. हार्लन कंपनीतर्फे आलेल्या व्हिटकॉमनी आधीच बजावलं होतं, "मूळ कागद भिंतीवर असेल तरच 'ही गाडी कॉन्डोरपेक्षा वेगवान होती' हे वाक्य राहील. नाहीतर वाक्य काढा." ते वाक्य काढणं म्हणजे साऱ्या पाहुण्यांसमोर हिराओका-सानना खोटं ठरवणं.

शैलजानं काच उघडली. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा, कुंकवासारखा लाल डाग होता. तिनं बोट ओलं करून त्यावर घासलं. डाग हलला नाही. तो छापलेला होता.

२

प्रदर्शनाच्या स्क्रीनचं काम मेघदीप सिस्टिम्सकडे होतं. शैलजा तिथं अर्धवेळ, म्हणजे इथल्या भाषेत अरुबाईतो, करायची. भाषांतर, पाट्या, पत्रं. तीन वर्षं घरात बसून जपानी शिकल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी.

त्या दिवशी हॉलच्याच इमारतीतल्या त्यांच्या ऑफिसात मोजकीच माणसं होती. हॉलची किल्ली दुसऱ्या मजल्यावर खिळ्याला टांगलेली असायची. शैलजा, विनय, रणजित, व्हिटकॉम आणि हिराओका-सान एवढ्या पाच जणांनाच ती ठाऊक. बारा ते एक जेवणाची सुट्टी. त्या वेळी ऑफिसचे दिवे मालवतात आणि सगळे पांगतात. पावणेबाराला शैलजानं कागदासमोर उभं राहून पाट्या तपासल्या होत्या. कुंकवाचा ठिपका आणि पांढरी फट तेव्हा असती तर तिला दिसलीच असती. म्हणजे जे झालं ते जेवणाच्या तासात झालं.

ती आधी विनयकडे गेली. विनयची टीम स्कॅन करायची आणि रणजितची टीम ते स्क्रीनवर मांडायची. एकाच कंपनीच्या ह्या दोन टीमा एकमेकींना चहासुद्धा विचारत नसत.

"वहिनी, त्यात विचारायचं काय?" विनय खुर्चीतून उसळला. त्याच्या कपाळावर सकाळचं कुंकू जसंच्या तसं होतं. "रणजितशिवाय कोण? सकाळी त्यानं माझ्या स्कॅनचे कोपरे छाटले! मी बाराशे डीपीआयवर कागद घेतला, केसाएवढी रेघ दिसते त्यात. आणि हा पठ्ठ्या मला न विचारता चारी कोपरे उडवतो. डेमो फसला की खापर माझ्यावर."

"तू जेवायला कुठं होतास?"

"जागेवरच. डबा. कानात गाणी. एकटा." तो जरा वरमला. "म्हणजे साक्षीदार कोणी नाही. पण मी कशाला चोरू? मूळ कागद गेला तर माझ्याच स्कॅनवर शंका येणार."

रणजित कोल्हापूरचा, आवाज दणदणीत. त्याचं कपाळ स्वच्छ होतं. शैलजानं ते टिपलं.

"वहिनी, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!" तो म्हणाला. "कोपरे छाटले, हो, छाटले. पण मला म्हाताऱ्याबुवांनी सांगितलं म्हणून. सकाळी पूजेनंतर मी त्यांना स्क्रीनची गंमत दाखवत होतो. बोट ठेवलं की कागद मोठा होतो, अक्षर मुठीएवढं. ते बघत बघत एकदम गप्प झाले. मग म्हणाले, 'रणजित-सान, कोपरे मळके दिसतात, शोभत नाही, काढून टाकाल का?' आता घरमालकच म्हणतोय भिंत पाड, तर आपण कोण?"

"कुंकू कुठं गेलं तुझं?"

"साडेबाराला ओसाकाशी व्हिडिओ कॉल होता. साबण लावून तोंड धुतलं. देवीला सॉरी म्हटलं की मी."

"कॉल किती वेळ चालला?"

"झालाच नाही. त्यांचं नेट गेलं." रणजितनं डोळे मोठे केले. "वहिनी, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

शैलजा घेत होती. पण मन मानत नव्हतं.

३

व्हिटकॉम गाडीजवळ उभे होते. पंचावन्नच्या घरातले, उंच, ताडमाड, आणि कपाळावर कुंकू, त्यावर तांदळाचे चार दाणे चिकटलेले. सकाळी मोठ्या हौसेनं त्यांनी लावून घेतलं होतं, आणि दिवसभर दाणे पडू नयेत म्हणून मान ताठ ठेवून फिरत होते.

बातमी ऐकून ते आधी हसले. मग त्यांचं हसू मावळलं.

"तुम्हाला वाटत असेल मीच नेला," ते म्हणाले. "मी कॉन्डोरवाला. पंचाऐंशी साली थोरल्या विभागात होतो. तो कागद नसता तर बरं, असं मला एकवीस वर्षं वाटतंय. हे लपवत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या दुकानात सोबा-शेवया खात होतो, आणि मालकीणबाईंनी ह्या तांदळांसकट माझे तीन फोटो काढलेत. जाऊन विचारा."

शैलजानं खरंच जाऊन विचारलं. फोटो होते, आणि फोटोत भिंतीवरचं घड्याळही होतं.

परत आली तेव्हा हिराओका-सान तिची वाट पाहत होते. राखाडी कोट, गुडघ्यांवर कातडी बॅग, त्या बॅगेवर दोन्ही हात. शैलजानं त्यांना सगळं सांगितलं. ती कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"शैलजा-सान, मान वर करा," ते हळू आवाजात म्हणाले. "चूक तुमची नाही. कृपा करून स्वतःला दोष देऊ नका."

"मी तुम्हाला शब्द दिला होता."

"शब्द तुम्ही पाळला. उद्या प्रत लावा. प्रत चांगली आहे."

"व्हिटकॉम-सान वाक्य काढायला लावतील."

खिशातून घडी केलेला रुमाल काढून त्यांनी कपाळ टिपलं, जरी तिथं ना घामाचा थेंब होता ना सकाळचं कुंकू. "मग काढू द्या," ते म्हणाले, उठले, नमस्कार केला आणि बॅग छातीशी धरून स्टेशनच्या दिशेनं चालू लागले.

शैलजा त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. काहीतरी खटकत होतं. एकवीस वर्षं जपलेली वस्तू चोरीला गेलेला माणूस काहीतरी हमखास विचारतो: कधी? कशी? कोणी? हिराओका-साननी एकही प्रश्न विचारला नव्हता.

४

दुसऱ्या मजल्यावरच्या झेरॉक्स मशीनशेजारी एक वही दोरीला बांधलेली होती. तारीख, वेळ, रंगीत की काळी, आकार, किती प्रती, नाव. प्रत्येक जपानी ऑफिसात अशी वही असते आणि प्रत्येक जपानी माणूस ती भरतो. मेघदीपच्या आपल्या मंडळींनी तीन वर्षांत त्या वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हणून ती कोणी उघडतही नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःशी म्हणत शैलजानं ती उघडली.

शेवटची ओळ आजचीच होती. दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. रंगीत, ए-फोर, एक प्रत. अक्षर जपानी, टाकानं कोरल्यासारखं सुबक. नावाचा रकाना रिकामा.

शैलजाला हसू आलं. चोर, पण वहीत नोंद करून जाणारा चोर!

ती विनयकडे धावली. "न छाटलेला स्कॅन आहे ना तुझ्याकडे?"

"आहे म्हणजे? जिवापाड जपलाय."

"उघड. चारी कोपरे मोठे कर."

पहिल्या तीन कोपऱ्यांत काही नव्हतं. चौथ्यात, उजवीकडे खाली, पेन्सिलीची पुसट ओळ होती. कागद हातात धरला तर मळच वाटला असता, आणि रंगीत प्रतीत तर ती उमटलीच नव्हती. स्क्रीनवर मात्र अक्षरं तळहाताएवढी झाली. जपानी अक्षरं, वहीतल्यासारखीच सुबक.

शैलजानं ती वाचली. पुन्हा वाचली. मग विनयला म्हणाली, "बंद कर. आणि माझ्यासाठी एवढं कर बाबा, उद्या अकरापर्यंत रणजितशी भांडू नकोस."

"लिहिलंय काय पण?"

तिनं सांगितलं नाही.

५

घरी श्रीहरी पिठलं ढवळत होता. शैलजाचा नवरा एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक होता, दिवसभर अणूंच्या मागे. संध्याकाळी मात्र स्वयंपाकघर त्याचं.

"सांग," तो म्हणाला. "तोंडावरून कळतंय, चोर सापडलाय आणि तुला तो नकोय."

ती ओट्याला टेकून सांगू लागली. "प्रतीवरचा लाल डाग छापलेला आहे. म्हणजे प्रत निघण्याआधीच मूळ कागदाला कुंकू लागलं होतं. कुंकू कोणाच्या बोटांना असेल? ज्यानं कपाळाला हात लावला त्याच्या. विनयचं आणि व्हिटकॉमचं जागेवर आहे. रणजितचं नाही आणि हिराओका-सानचं नाही. रणजितनं साबणानं धुतलं, आणि तो त्या वहीत जन्मात लिहायचा नाही, त्यातून जपानी अक्षरात तर नाहीच नाही. आपल्या माणसाला कपाळावर कुंकू आहे हे आठवणीत असतं, तो हात सांभाळतो. हिराओका-सानना कुठली सवय? कपाळ पुसलं, बोटं लाल."

"पण कागद त्यांचाच. स्वतःचीच वस्तू कोण चोरतं?"

"हेच मला कळेना. मग वाटलं, नुसता पळवायचा असता तर फ्रेम रिकामी ठेवली असती. प्रत लावली, म्हणजे काहीतरी दाखवायचंही होतं आणि काहीतरी लपवायचंही. स्क्रीनवरचे कोपरेही त्यांनीच काढायला लावले. कोपऱ्यात लिहिलंय, 'कॉन्डोर. टाकी काठोकाठ भरली. भरणारा, हिराओका.'"

श्रीहरीनं गॅस बंद केला. "म्हणजे दुसऱ्या गाडीला मुद्दाम जड केलं?"

"हो. जिंकले, पण लबाडीनं." तिचे डोळे भरून आले. "इतका सरळ माणूस रे. बाटलीचं झाकण वेगळ्या डब्यात टाकतो."

श्रीहरीनं फ्रिजवरच्या कागदावर आकडे मांडले. पन्नासेक किलो पेट्रोल, दीड टनांची गाडी, दीड मिनिटाची फेरी. "फार तर अर्धा सेकंद फरक पडेल," तो म्हणाला. "फरक होता एक पूर्णांक चारचा. लबाडी केली नसती तरी जिंकलेच असते ग ते!"

शैलजानं तो कागद उचलला, पिठल्याचा डबा भरला आणि चप्पल पायात सरकवली.

हिराओका-साननी दार उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता आत जाऊन बॅग आणली. मूळ कागद बॅगेत, दोन पुठ्ठ्यांमध्ये, रेशमी कापडात गुंडाळलेला होता. दुपारी गुडघ्यांवर होता तो हाच.

"आमचे मुख्य म्हणाले, थोरल्या विभागवाले मीटिंगमध्ये लबाडी करणारच, आपण मैदानात करू," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "मी टाकी भरली. भरली ती भरली, पण न लिहिणं मला जमलं नाही. तिथं कोणाला जपानी येत नव्हतं, म्हणून लिहून ठेवलं. पुढं पेन्सिल पुसट होत गेली आणि मला वाटलं, गोष्टही पुसट झाली. आज सकाळी ती ओळ भिंतीएवढी मोठी झाली."

"वहीतही तुम्ही नोंद केलीत."

"नाव लिहिलं नाही." त्यांचा आवाज चिरकला. "तेव्हा निदान नाव लिहिलं होतं. एकवीस वर्षांत मी एवढा बिघडलो."

शैलजानं श्रीहरीचं गणित पुढे केलं आणि समजावून सांगितलं. त्यांनी ते बारकाईनं वाचलं, आकडा न् आकडा तपासला, आणि परत दिलं.

"तुमचे यजमान हुशार आहेत. पण हा अंदाज आहे. आणि मी केलं ते केलं."

"आम्ही कोणाला सांगणार नाही," शैलजा म्हणाली. "कागद तुमचा आहे. उद्या काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मला फक्त एवढंच वाटतं, तुम्ही यावं."

पिठल्याचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

६

मंगळवारी पावणेअकराला हॉल भरला. जुन्या गाड्यांचे शौकीन, दोन पत्रकार, हार्लनचे निवृत्त विक्रेते. विनय आणि रणजित हॉलच्या दोन टोकांना उभे होते, पण भांडत नव्हते. फ्रेम रिकामी होती. शैलजानं प्रत काढून टाकली होती. खोटी वस्तू स्वतःच्या हातानं भिंतीवर लावणं तिला जमलं नसतं. व्हिटकॉमनी घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या वाक्याकडे. वाक्याची पाटी काढायला लागणारा स्क्रूड्रायव्हर शैलजाच्याच खिशात होता.

अकराला दोन मिनिटं कमी असताना दार उघडलं. राखाडी कोट, कातडी बॅग.

हिराओका-सान थेट भिंतीपाशी गेले. कागद फ्रेममध्ये बसवला. तो बरोबर बसला. मग ते वळले आणि शैलजाला म्हणाले, "शैलजा-सान, मी जपानीत बोलेन. व्हिटकॉम-सानसाठी इंग्रजी करून सांगाल का?"

आणि त्यांनी सगळं सांगितलं. टाकी, पेन्सिल, काल दुपारची प्रत, रिकामा ठेवलेला रकाना. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. शैलजा वाक्यागणिक इंग्रजी करत गेली. शेवटी ते म्हणाले, "ह्या कागदावरचा आकडा खोटा आहे. वाक्य काढावं लागेल. ते मी स्वतः काढतो." त्यांनी शैलजापुढे हात केला. तिनं स्क्रूड्रायव्हर दिला नाही. तिला देववलाच नाही.

"थांबा," व्हिटकॉम म्हणाले.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते पुढे आले आणि पाहुण्यांकडे नाही, हिराओका-सानकडे पाहून बोलू लागले.

"आम्हाला माहीत होतं. त्याच संध्याकाळी आमच्या मेकॅनिकनं टाकी मोजली. आमचे साहेब एवढे खूश झाले की त्यांनी मेकॅनिकला मिठी मारली. चाचणी खोटी, असं सांगत ते वरपर्यंत गेले. तुमचं इंजिन त्यामुळेच गेलं."

हिराओका-साननी डोळे मिटले. शैलजाला वाटलं, ह्या माणसाला गप्प करावं. एवढं कमी होतं का, की गाडी मेली तीही ह्यांच्याच हातानं?

"पण मधलं एक तुम्हाला ठाऊक नाही," व्हिटकॉम म्हणाले. "वर जाण्याआधी साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप पुन्हा चाचणी घेतली. दोन्ही गाड्या अर्ध्या टाकीवर. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. स्वॅलो नऊ दशांश सेकंदांनी पुढे होती. साहेबांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, घरी दोन मुलं होती. मी गप्प बसलो, आणि पुढं गप्प बसायची सवयच लागली."

शैलजानं जपानी केलं. नऊ दशांश म्हणताना तिचा आवाज इतका चढला की मागच्या रांगेतले लोक दचकले. रणजितनं एका टोकाकडून टाळी वाजवली, विनयनं दुसऱ्या टोकाकडून, आणि मग सगळा हॉल वाजवू लागला.

हिराओका-सान टाळ्या संपेपर्यंत थांबले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना रुमाल आठवत नव्हता. मग त्यांनी व्हिटकॉमना नीट वाकून नमस्कार केला आणि इंग्रजीत, शैलजाच्या मदतीशिवाय, म्हणाले, "तोंडी नको. लिहून द्याल का?"

व्हिटकॉम क्षणभर गोंधळले. मग त्यांनी शैलजाच्या वहीतलं एक पान मागून घेतलं, गाडीच्या लाल बॉनेटवर ठेवलं, झेंडूचा हार बाजूला सारला आणि लिहायला लागले. तारीख, मैदान, दोन्ही वेळा, फरक. खाली सही केली, आणि सहीच्या खाली पूर्ण नाव.

हिराओका-साननी ते उभ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग ते शैलजाकडे वळले.

"शैलजा-सान, हे पहिल्या कागदाच्या शेजारी लावाल?"

"लावते. लगेच लावते."

"धन्यवाद," ते म्हणाले. "मग मी आता जरा बसतो."

रणजितनं खुर्ची आणली. विनयनं ती त्यांच्या मागे नीट धरली, आणि हिराओका-सान बसले.